परदेशात कंपनी काढताय? आधी घरचे गणित मांडा



गेल्या माघातली गोष्ट. हळदीची काढणी जोरात होती. अशा दिवसांत शेतकरी सहसा घर सोडत नाही. तरी एका संध्याकाळी अर्धापूर भागातले एक कुटुंब थेट माझ्या घरी आले. वडील, आई आणि थोरला मुलगा. मुलगा नऊ वर्षे दुबईत किराणा मालाच्या एका मोठ्या दुकानात कामाला होता. आता तो कायमचा परत आला होता आणि त्याच्या हातात एक रंगीत कागद होता. दुबईत स्वतःच्या नावाची कंपनी, शंभर टक्के मालकी, थोड्या दिवसांत लायसन, सोबत व्हिसा, असे त्यावर छापले होते. खाली एजंटाची फी.

वडील म्हणाले, "साहेब, पोरगं म्हणतंय, आपली हळद आपणच तिकडं इकू. मधला व्यापारी नको. सात एकर रान हाय, त्यातलं दोन एकर काढावं म्हणतो. गिऱ्हाईक बी आलंय. तुमचं काय मत?"

मी म्हटले, "तात्या, रान विकायला एक दिवस पुरतो. आधी चहा घ्या, मग निवांत बोलू."

आम्ही दोन तास बोललो. तसाच कागद नंतर मला लातूर जिल्ह्यात आणखी एका घरी दिसला, म्हणून ते बोलणे सविस्तर लिहितो आहे. परदेशात कंपनी काढणे हा काही गुन्हा नाही. आपल्या मुलांनी जरूर धाडस करावे. पण कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे कळले नाही तर पेरणीआधीच खळे सारवल्यासारखे होते.

नोंदणी म्हणजे धंदा नव्हे

सातबारा नावावर झाला म्हणजे पीक आले, असे आपण म्हणतो काय? नाही. सातबारा हा हक्काचा कागद. त्यानंतर नांगरट, पेरणी, खुरपणी, राखण आणि शेवटी बाजार. कंपनीची नोंदणीही तशीच. तिने धंदा करण्याचा हक्क मिळतो. माल, गिऱ्हाईक आणि भांडवल तिच्यासोबत येत नाही.

हे मी ठेच खाऊन शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी गटाला मीच आग्रह केला की, तुम्ही कंपनी नोंदवा. त्यांनी नोंदवली. पाटी लागली, पेढे वाटले. पण विकायचे काय आणि कोणाला, हे कोणी ठरवलेच नव्हते. ते मीही विचारले नाही. हिशेब आणि वार्षिक विवरणपत्रे भरायची राहून गेली. सलग तीन वर्षे ती भरली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, असा कंपनी कायदा आहे. त्या पाच भल्या माणसांवर ती पाळी आली. इथे आपल्या जिल्ह्यात, आपल्या भाषेत, आपल्या माणसांत ही गत. मग समुद्रापलीकडे काय होईल, याचा विचार करा.

दुबईचा कायदा थोडक्यात

एजंटाचा कागद खोटा नव्हता, हे आधी सांगतो. पूर्वी संयुक्त अरब अमिरातीत फ्री झोनच्या बाहेर कंपनी काढायची तर ५१ टक्के हिस्सा तिथल्या नागरिकाच्या नावे ठेवावा लागे. आखातात राहून आलेल्यांना कफील हा शब्द चांगला माहीत आहे. २०२० साली हा कायदा बदलला आणि १ जून २०२१ पासून बहुतेक धंद्यांत परदेशी माणसाला शंभर टक्के मालकी मिळू लागली. फ्री झोनमध्ये, म्हणजे व्यापारासाठी राखून ठेवलेल्या खास क्षेत्रात, ही सवलत आधीपासूनच होती. जेबेल अली हे त्यांतले मोठे क्षेत्र १९८५ साली सुरू झाले.

पण शंभर टक्के मालकी याचा अर्थ तोटाही शंभर टक्के आपला, हे कागदावर छापलेले नसते.

नोंदणीची रीत अशी. आधी धंद्याचा प्रकार ठरवायचा, कारण लायसन ठराविक कामासाठीच मिळते. मग कंपनीचे नाव, प्राथमिक मंजुरी, भागीदारीचा करारनामा, जागेचा भाडेकरार आणि त्यानंतर लायसन. लायसन एकदा काढून भागत नाही, मुदत संपली की फी भरून नवे करावे लागते. धंदा झाला नाही तरी जागेचे भाडे आणि लायसनची फी थांबत नाही.

पुढच्या अडचणी अशा. फ्री झोनमधली कंपनी दुबईच्या बाजारपेठेत सरळ माल विकू शकते, असे समजू नका. त्यासाठी वेगळी परवानगी किंवा तिथला वितरक लागतो. खाण्याच्या मालाच्या पुड्यावर अरबी भाषेतील लेबल हवे. बँकेत खाते उघडणे हे लायसनपेक्षा अवघड काम आहे. पैसा कुठून आला, माल कोणाला विकणार, हे सगळे बँक विचारते आणि समाधान झाले नाही तर नाही म्हणते.

"दुबईत कर नाही" हे वाक्यही आता जुने झाले. १ जानेवारी २०१८ पासून तिथे ५ टक्के व्हॅट आहे. १ जून २०२३ नंतर सुरू होणाऱ्या हिशेबी वर्षापासून ३ लाख ७५ हजार दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कंपनी कर आहे. नफा नसला तरी करखात्याकडे कंपनीची नोंद करावीच लागते आणि ती मुदतीत केली नाही तर १० हजार दिरहमचा दंड ठेवलेला आहे.

हे ऐकून मुलगा म्हणाला, "साहेब, मी नऊ वर्षं तिथं राहिलो, पण हे मला कोणी सांगितलं नाही." त्यात त्याची काय चूक? दुकानात माल मांडणे वेगळे आणि दुकानाचा मालक होणे वेगळे.

पैसा गावातून कसा जाईल?

आता आपल्या देशाचा कायदा. इथेच जास्त घरे फसतात.

भारतात राहणारा माणूस रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका आर्थिक वर्षात २ लाख ५० हजार डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवू शकतो. मर्यादा मोठी आहे. पण परदेशी कंपनीत मालकीचा पैसा घालायचा असेल तर २२ ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेले परदेशी गुंतवणुकीचे नियम पाळावे लागतात. ते साध्या भाषेत असे:

१) ती परदेशी कंपनी खरोखर धंदा करणारी असावी. नुसती कागदावरची नको, आणि वित्तीय व्यवहार करणारीही नको.

२) पैसे पाठवण्याआधी बँकेमार्फत एफसी नावाचा फॉर्म भरून रिझर्व्ह बँकेकडून त्या कंपनीसाठी एक विशिष्ट क्रमांक घ्यावा लागतो. हे काम परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेतच होते. गावच्या शाखेत चौकशी करून उपयोग नाही.

३) पैसे गेल्यावर ६ महिन्यांच्या आत शेअर मिळाल्याचा पुरावा बँकेला द्यायचा. कंपनीचा ताबा आपल्याकडे असेल तर तिच्या कामकाजाचा अहवाल दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत द्यायचा. उशीर झाला की उशिराची फी.

४) या कामासाठी बँकेने माणसाला कर्ज द्यायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. म्हणून पीककर्ज काढून किंवा दुसऱ्या कारणाने कर्ज उचलून ते तिकडे वळवण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

५) १ एप्रिल २०२५ पासून, वर्षात १० लाख रुपयांपेक्षा जास्त रक्कम गुंतवणुकीसाठी पाठवली तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ वसूल करते. विवरणपत्र भरून त्याची वजावट किंवा परतावा मिळतो. पण तोवर पैसा अडकतो. भांडवल मोजताना हे धरा.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून आपल्याकडे बरेच जण विवरणपत्र भरतच नाहीत. परदेशात कंपनीचा हिस्सा असला की भारतातल्या रहिवाशाला ते भरावेच लागते आणि त्यात ती मालमत्ता दाखवावी लागते. लपवली तर २०१५ च्या काळा पैसा कायद्यात १० लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे.

आणि हवाला? तिकडे एकाला द्या, इकडे दुसऱ्याकडून घ्या, हा मार्ग सोपा वाटतो. परकीय चलन कायद्यात त्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड आहे. शिवाय असा पैसा बुडाला तर फिर्याद कोणाकडे नेणार?

मुलगा परदेशातच राहत असेल आणि तिथल्याच कमाईतून धंदा काढत असेल तर गोष्ट निराळी. तो अनिवासी ठरतो आणि त्याच्या तिथल्या पैशाला वरचे नियम लागत नाहीत. घरचा पैसा जाणार असेल तेव्हा मात्र हे सारे लागते.

मोठ्यांची उदाहरणे

आपल्या मराठी माणसांनी परदेशात धंदे काढून नाव कमावले आहे. मूळचे विदर्भातले दातार कुटुंब १९८४ साली दुबईत एका लहान किराणा दुकानापासून सुरू झाले. पुढे मसाल्यांच्या धंद्यात धनंजय दातार यांचे नाव झाले. दुकान आधी, पसारा नंतर, हा क्रम पाहा. जळगावच्या जैन इरिगेशनने २००७ साली इस्रायलच्या नानदान या ठिबक कंपनीत निम्मा हिस्सा घेतला आणि उरलेला २०१२ साली. तोवर इथल्या शेतांत त्यांचे ठिबक वर्षानुवर्षे चालत होते.

आता दुसरी बाजू. बंगळूरची करुतुरी ही गुलाबाची फुले विकणारी कंपनी. तिने आफ्रिकेत इथिओपिया देशात गांबेला भागात एक लाख हेक्टर जमीन भाडेपट्ट्याने घेतली. जगभर गाजावाजा झाला. २०११ साली बारो नदीचा पूर पिकात शिरला. ठरल्याप्रमाणे जमीन वहितीखाली आली नाही आणि २०१५ च्या अखेरीस तिथल्या सरकारने करार रद्द केला. एवढ्या मोठ्या कंपनीला परक्या मुलखातली नदी आणि परके सरकार जड गेले. आपली झेप दोन एकरांची. म्हणून अंथरूण पाहून पाय पसरावे.

कंपनी न काढताही माल जातो

बोलणे इथवर आले तेव्हा आतापर्यंत गप्प बसलेल्या वहिनींनी विचारले, "भाऊ, मला एवढंच सांगा. तिथं आपली हळद घेणार कोण?"

खोली शांत झाली. एजंटाच्या कागदावर याचे उत्तर नव्हते आणि मुलाकडेही नव्हते. बंधूंनो, खरा प्रश्न हाच होता आणि तो त्या माउलीने विचारला.

आता हिशेब मांडू. चांगल्या रानात वाळलेली हळद एकरी वीस-पंचवीस क्विंटल निघते. वीसफुटी कंटेनरमध्ये साधारण पंधरा-वीस टन माल मावतो. म्हणजे एका घराच्या तीन-चार एकरांतून एक कंटेनरही धड भरत नाही. परदेशी गिऱ्हाईक एकदा माल घेऊन थांबत नाही. त्याला त्याच प्रतीचा माल पुन्हा पुन्हा हवा असतो. त्यात कीडनाशकाचा अंश, शिसे, बुरशी, कुरकुमिनचे प्रमाण यांची तपासणी असते. एकाने नीट शिजवली, दुसऱ्याने कच्ची ठेवली, तिसऱ्याने मातीत वाळवली, असे चालत नाही.

म्हणून पहिली पायरी इथे, आपल्या शिवारात आहे. दहा किंवा अधिक उत्पादक एकत्र येऊन शेतकरी उत्पादक कंपनी काढू शकतात. २००२ च्या दुरुस्तीने ही सोय कंपनी कायद्यात आली. किमान ५ संचालक लागतात. कोणाचे शेअर कितीही असोत, वैयक्तिक सभासदांच्या कंपनीत एका सभासदाला एकच मत. त्यामुळे मोठा बागाईतदार आणि तीन एकरवाला एकाच पंगतीला बसतात.

निर्यातीसाठी परदेशात कंपनी असावीच लागते, हा गैरसमज काढून टाका. विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात क्रमांक मिळतो. त्याची फी ५०० रुपये आहे. हळद-धन्यासाठी मसाला मंडळाची नोंदणी, केळी-डाळिंबासाठी अपेडाची नोंदणी, अन्नसुरक्षेचा परवाना आणि गिऱ्हाइकाच्या देशाला हवा असेल तर पीक-आरोग्य दाखला. पैसा बुडण्याची भीती असेल तर १९५७ पासून चालू असलेल्या सरकारी निर्यात पत हमी महामंडळाचा विमा घेता येतो. १ मे २०२२ पासून भारत आणि अमिराती यांच्यात व्यापार करार लागू आहे. त्यात अनेक वस्तूंवरचे आयात शुल्क कमी किंवा माफ झाले आहे. त्याचा फायदा मूळ देशाच्या दाखल्यावर मिळतो आणि त्यासाठी दुबईत पाटी लावावी लागत नाही.

आपल्या मुलखाकडे विकण्याजोगे काही नाही, असेही नाही. शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी लातूर जिल्ह्यातील बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर यांनाही मिळाले. अर्धापूर-मुदखेडची केळी तर सर्वांच्या ओळखीची. या नावांना किंमत येईल ती प्रत राखली तर.

आणि एक गंमत पाहा. आपण परदेशात गुंतवणूकदार व्हायला निघतो, पण चांगले काम केले तर परदेशी गुंतवणूकदार आपल्या दारी येतो. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्समध्ये २०२२ साली युरोपातील संस्थांनी ३१० कोटी रुपये घातले. उत्पादक कंपनीत सभासद फक्त उत्पादकच होऊ शकतो. म्हणून सह्याद्रीने प्रक्रियेच्या कामासाठी वेगळी कंपनी ठेवली आणि बाहेरचा पैसा तिच्यात घेतला. शेतकऱ्यांची मूळ संस्था शेतकऱ्यांचीच राहिली. ही गोष्ट शिकण्याजोगी आहे.

रान विकण्याआधी

शेवटी मी तात्यांना एक गोष्ट सांगितली, आणि ती घरातल्या सगळ्यांनी वाचावी. मुलगा परदेशी स्थायिक होऊन अनिवासी झाला की त्याला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन वारसाने त्याच्याकडे येऊ शकते. पण आज विकलेले दोन एकर उद्या तिकडून पैसे पाठवून तो त्याच्या नावे परत घेऊ शकणार नाही. कंपनी बुडाली तर दुसरी काढता येते. रान गेले ते गेले.

तेव्हा असा कागद तुमच्या घरी आला तर पाच प्रश्न विचारा. माल घेणारा कोण आहे, आणि त्याने नमुना पाहून लेखी मागणी दिली आहे काय? पहिल्या वर्षी एक रुपया मिळाला नाही तरी भाडे, लायसन आणि हिशेबनिसाचा खर्च कुठून येईल? पैसा बँकेतून, नियमाने जाणार आहे काय? कागदपत्रांवर सही कोणाची आणि खात्यावर ताबा कोणाचा? आणि हाच माल इथून निर्यात करून आधी एकदा पाहता येणार नाही काय? पाचांपैकी एकाचेही उत्तर मिळाले नाही तर कागद घडी करून ठेवा. सल्ला घ्यायचा तर फीवर जगणाऱ्या एजंटाचा नको, आपल्या सनदी लेखापालाचा आणि बँकेचा घ्या.

त्या कुटुंबाचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. दोन एकर विकले नाहीत. मुलाने हळदीचे नमुने प्रयोगशाळेत तपासून घेतले आणि दुबईतल्या ज्या दुकानदारांना तो नावाने ओळखतो त्यांतल्या तिघांना पाठवले. दोघांचे उत्तर आले नाही. तिसऱ्याने शिजवणीबद्दल तक्रार केली, पण पुढच्या हंगामात पुन्हा नमुना मागितला. सध्या गावातले चौदा हळदवाले दर एकादशीला मारुतीच्या पारावर बसतात आणि सगळ्यांनी एकाच पद्धतीने हळद कशी शिजवायची, यावर वाद घालतात. कंपनी अजून नोंदवलेली नाही. मीही या वेळी घाई केलेली नाही.

त्या मुलाची नऊ वर्षे वाया गेली, असे मला वाटत नाही. कोणत्या दुकानात कोणता माल खपतो, हे त्याला माहीत आहे आणि ते कोणत्याही लायसनपेक्षा मोलाचे आहे. चार-पाच हंगाम माल नीट गेला, गिऱ्हाईक टिकले आणि तिथे स्वतःचे गोदाम हवे असे त्या गिऱ्हाइकानेच सांगितले, तर मग दुबईत कंपनी जरूर काढावी. त्या दिवशी कागद भरायला मी स्वतः त्याच्यासोबत बसेन.

तुमच्याही घरी असा विचार चालू असेल तर आपल्या भागातील कृषी अधिकाऱ्यास भेटा. येताना एजंटाचा कागद आणा, घरचा हिशेब आणा, आणि घरातल्या मालकीणबाईंना बरोबर आणायला विसरू नका.